डायनोसॉरच्या चित्रपटांतील चुका : त्या वेळी माहीत होत्या की नंतर उघड झाल्या?

प्रश्न – वाचनकट्टा

नमस्कार.

कोथरूडमधील आमच्या सोसायटीत दर मे महिन्यात मुलांसाठी शिबिर भरते. यंदा शेवटच्या शनिवारी ‘ज्युरासिक पार्क’ हा १९९३चा चित्रपट दाखवायचा आणि त्यानंतर अर्धा तास मुलांशी डायनोसॉरांविषयी बोलायचे, असे सभेत ठरले. ‘बोलणार कोण?’ असे अध्यक्षांनी विचारताच बाकीचे सगळे एकाएकी आपापल्या मोबाइलमध्ये डोके घालून बसल्यामुळे ते काम माझ्याकडे आले. मी व्यवसायाने लेखापाल आहे. हा चित्रपट मी १९९४ साली, दहावीची परीक्षा संपल्यावर, डेक्कनवरच्या एका टॉकीजमध्ये पाहिला होता आणि पडद्यावर दाखवलेले सगळे शास्त्रशुद्ध आहे अशी माझी परवापर्यंत समजूत होती.

परवा रंगीत तालीम म्हणून यंदा सहावीत जाणाऱ्या पुतणीबरोबर तो पुन्हा पाहिला, तेव्हा मध्यंतराच्या आत तिने ‘काका, हे चूक आहे’ असे सात वेळा म्हटले. मला चुकांची यादी नको आहे, ती कुठेही मिळते. मला जाणून घ्यायचे आहे ते असे, की यांपैकी कोणत्या गोष्टी चित्रपट निघाला तेव्हा शास्त्रज्ञांनाच माहीत नव्हत्या, कोणत्या माहीत असूनही कथेच्या सोयीसाठी बदलल्या गेल्या आणि कोणत्या पुढच्या भागांत सुधारता आल्या असत्या, पण सुधारल्या नाहीत. हिशेबाच्या वहीत या तीन नोंदी तीन वेगळ्या खात्यांत जातात. मुलांसमोर त्या एकाच खात्यात टाकणे मला बरोबर वाटत नाही.

प्रतिसाद १ – कातळ

तुम्ही केलेली खातेवाटणी मला पटली. मी भूशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. डायनोसॉर हा माझ्या अभ्यासाचा विषय नव्हता, परंतु दरवर्षी पहिल्याच तासाला कोणी ना कोणी या चित्रपटाविषयी विचारीत असे, त्यामुळे वाचणे भाग पडले.

व्हेलॉसिरॅप्टर हा एकच प्राणी घेतला तरी तुमची पहिली दोन खाती भरतात. चित्रपटाच्या सुरुवातीला त्याचे नायक, जीवाश्मतज्ज्ञ डॉ. ग्रँट, अमेरिकेतील मोंटानामध्ये त्याचा सांगाडा उकरताना दिसतात. प्रत्यक्षात व्हेलॉसिरॅप्टर मंगोलियातला; त्याचे नामकरण १९२४ मध्ये झाले. शेपटीसकट त्याची लांबी सुमारे दोन मीटर, कमरेजवळची उंची जेमतेम अर्धा मीटर आणि वजन १५ ते २० किलो, म्हणजे आपल्या गल्लीतल्या एखाद्या धडधाकट कुत्र्याला लांब शेपूट लावल्यास जे दिसेल तेवढाच तो होता. मोंटानात सापडतो तो त्याचा थोरला भाऊबंद डायनॉनिकस, ज्याचे वर्णन जॉन ऑस्ट्रॉम यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. १९८८ मध्ये ग्रेगरी पॉल यांनी आपल्या पुस्तकात डायनॉनिकसला व्हेलॉसिरॅप्टरच्याच वंशात बसवले. इतर अभ्यासकांनी ते मानले नाही, परंतु ज्या कादंबरीवर हा चित्रपट बेतला आहे, त्या १९९०च्या कादंबरीत मायकेल क्रायटन यांनी तेच वर्गीकरण उचलले आणि तेथून ते नाव पडद्यावर आले. नावाचा घोळ असा समजून घेता येतो. आकाराचे मात्र तसे नाही, कारण चित्रपटातला प्राणी डायनॉनिकसपेक्षाही बराच वाढवलेला आहे, आणि तो वाढवताना कोणाचा गैरसमज झाला होता असे म्हणता येणार नाही. गंमत अशी, की चित्रपट झळकला त्याच वर्षी युटारॅप्टर या त्याहूनही मोठ्या नातेवाइकाचे वर्णन प्रसिद्ध झाले. म्हणजे अंदाजाने मारलेला दगड दुसऱ्याच झाडाच्या आंब्याला लागला.

पिसांचे प्रकरण निराळे आहे. पक्षी हे डायनोसॉरांचेच वंशज आहेत, हा विचार ऑस्ट्रॉम यांनी १९७०च्या दशकात नेटाने मांडला होता आणि चित्रपटात ग्रँटच्या तोंडी तोच आहे. परंतु पिसांचा ठसा असलेला, पक्षी नसलेला पहिला डायनोसॉर, सिनोसॉरोप्टेरिक्स, चीनच्या लिआओनिंग प्रांतातून जगासमोर आला तो १९९६ मध्ये. व्हेलॉसिरॅप्टरच्या बाबतीत प्रत्यक्ष पुरावा मिळायला २००७ साल उजाडले. त्याच्या पुढच्या पायाच्या हाडावर ओळीने लहान उंचवटे आढळले. पिसांची मुळे हाडाला जेथे घट्ट धरलेली असतात, तेथे आजच्या पक्ष्यांतही असे उंचवटे असतात. तेव्हा १९९३ मधला खवल्यांचा रॅप्टर (व्हेलॉसिरॅप्टरचे चित्रपटातले छोटे नाव) मी पहिल्या खात्यात टाकीन, आणि २०१५ मधला, ‘ज्युरासिक वर्ल्ड’मधला, तितकाच बोडका रॅप्टर तिसऱ्या खात्यात, तोही लाल शाईने.

पहिल्याच खात्यात स्पायनोसॉरसही येतो. २००१च्या तिसऱ्या भागात तो लांब पायांनी जमिनीवर धावतो. त्याचे मूळ जीवाश्म इजिप्तमध्ये सापडले होते, १९१५ मध्ये त्यांचे वर्णन झाले आणि १९४४ मध्ये म्युनिकवरील बॉम्बहल्ल्यात ते नष्ट झाले. पुढे २०१४ मध्ये आखूड मागचे पाय आणि २०२० मध्ये वल्ह्यासारखी चपटी शेपटी उजेडात आली. तोवर तो प्राणी रेखाटणारा कोणीही अंधारातच चाचपडत होता.

प्रतिसाद २ – जुना प्रेक्षक

वरील माहितीबद्दल आभार, परंतु यात एक मूलभूत मुद्दा निसटतो आहे असे मला वाटते. चित्रपटात दाखवलेले प्राणी हे डायनोसॉर नाहीतच. अपुऱ्या डीएनएमधील रिकाम्या जागा बेडकाच्या डीएनएने भरून तयार केलेले ते संकरित प्राणी आहेत, असे पात्रेच सांगतात. तिसऱ्या भागात ग्रँट त्यांना करमणूक उद्यानासाठी बनवलेले राक्षस म्हणतो आणि २०१५च्या भागात हे प्राणी तयार करणारे शास्त्रज्ञ डॉ. वू सांगतात, की यांचा जनुकीय आराखडा शुद्ध असता तर यांतले अनेक प्राणी वेगळे दिसले असते. मग चूक ठरते कुठे? शिवाय मुलांना चित्रपटाचा आनंद घेऊ द्यावा. प्रत्येक दृश्यानंतर तपासनीस उभा करू नये.

प्रतिसाद ३ – लंबक

@जुना प्रेक्षक : बेडूक हा या मालिकेतला सर्वांत राबवून घेतलेला नोकर आहे. प्राण्यांनी लिंग बदलून प्रजनन करणे त्याच्यावर ढकलले तर एक वेळ चालेल, कारण काही बेडकांत लिंगबदल आढळतो. परंतु २० किलोचा प्राणी माणसाएवढा होणे हे बेडकाच्या कोणत्या गुणामुळे घडले, हे एकाही भागात सांगितलेले नाही. आणि मोंटानातल्या उत्खननात ग्रँटच्या पायांशी असलेल्या सांगाड्यात तर बेडकाचा अंशही नाही, तरी तो मोठाच आहे. सबब चांगली आहे, फक्त ती जीवाश्मांना लागू होत नाही.

डीएनएबद्दल थोडक्यात सांगतो. मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांवरून २०१२ मध्ये काढलेल्या अनुमानानुसार डीएनएतील निम्मे बंध ५२१ वर्षांत तुटतात, आणि उणे ५ अंश तापमानात जपलेल्या हाडातसुद्धा सुमारे ६८ लाख वर्षांनी एकही बंध शिल्लक राहत नाही. शेवटचे डायनोसॉर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. शिवाय चित्रपटात ज्या डोमिनिकन प्रजासत्ताकातील खाणीतून अंबर (झाडाचा दगड झालेला डिंक; त्यात अडकलेल्या डासाच्या पोटातील रक्तातून कथेत डायनोसॉरचा डीएनए मिळवतात) काढताना दाखवले आहे, तेथील अंबर डायनोसॉर संपल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी तयार झालेले आहे. परंतु हे गृहीतक मान्य केले नाही तर चित्रपटच उरत नाही, त्यामुळे या मुद्द्यावर मुलांची पाच मिनिटेही घालवू नयेत असे माझे मत आहे.

दुसऱ्या खात्यासाठी, म्हणजे जाणूनबुजून केलेल्या बदलासाठी, डायलोफोसॉरसइतके चांगले उदाहरण नाही. चित्रपटात तो माणसाहून बुटका आहे, मानेभोवतीची झालर फुलवतो आणि विष थुंकतो. खरा डायलोफोसॉरस सुमारे ६ मीटर लांबीचा, त्याच्या काळातील उत्तर अमेरिकेच्या मोठ्या शिकारी प्राण्यांपैकी एक होता. विषाची कल्पना कादंबरीची, झालर चित्रपटाची. दोन्हींना जीवाश्मांत काहीही आधार नाही. असे असूनही बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या डायलोफोसॉरसला हटकून झालर असते. चित्रपटातील चूक चित्रपटगृहात थांबत नाही, ती अशी खेळण्यांच्या दुकानात जाऊन बसते, आणि म्हणूनच ‘आनंद घेऊ द्या’ एवढ्यावर मी समाधानी नाही.

टी. रेक्सविषयी, म्हणजे टायरॅनोसॉरस रेक्स या प्रचंड मांसाहारी डायनोसॉरविषयी, दोन गोष्टी आहेत. ‘हलला नाहीत तर त्याला दिसणार नाही’ हे ग्रँटचे वाक्य मुले हमखास लक्षात ठेवतात. त्याचे डोळे समोरच्या दिशेला वळलेले होते. दोन्ही डोळ्यांच्या दृष्टीचे क्षेत्र २००६च्या एका अभ्यासानुसार सुमारे ५५ अंशांपर्यंत एकमेकांवर येत असे, जे आजच्या ससाण्याहून अधिक आहे. मेंदूचा वास ओळखणारा भागही मोठा होता. तेव्हा चिखलात उभ्या असलेल्या, घामाने डबडबलेल्या माणसाने श्वास रोखून धरला काय किंवा पोवाडा म्हटला काय, परिणाम एकच. दुसरी गोष्ट वेगाची. चित्रपटात त्याचा वेग ताशी ३२ मैल, म्हणजे सुमारे ५१ किलोमीटर, मोजल्याचे सांगितले आहे. पायांच्या स्नायूंचा हिशेब मांडणाऱ्या २००२च्या संशोधनात ताशी १८ ते ४० किलोमीटर ही मर्यादा निघाली. म्हणजे तो जीपचा पाठलाग बहुधा दुसऱ्या गिअरमध्येच संपला असता.

प्रतिसाद ४ – रेघोट्या

मी मुलांना चित्रकला शिकवते, त्यामुळे माझे लक्ष सर्वांत आधी हातांकडे जाते. कोणत्याही मुलाला मांसाहारी डायनोसॉर काढायला सांगा. तो पुढचे दोन्ही पंजे जमिनीकडे तळवे करून, लोंबते काढील. हे वळण त्याला चित्रपटांनी लावलेले आहे. या प्राण्यांच्या मनगटाची आणि कोपराखालच्या हाडांची ठेवण अशी होती, की तळवे जमिनीकडे वळवणे त्यांना शक्यच नव्हते. ते समोरासमोर राहत. मी वर्गात सांगते, की पेटी वाजवणाऱ्याचे हात काढू नका, टाळकऱ्याचे काढा. पालखीच्या दिवसांत मुलांनी टाळकरी अगदी जवळून पाहिलेले असतात, त्यामुळे पुन्हा सांगावे लागत नाही. हात पुढे केले, कोपरे किंचित वाकवली, तळवे एकमेकांकडे केले, की रॅप्टर तयार. स्वयंपाकघराच्या दृश्यात दाराची मूठ वरून दाबून उघडणारा रॅप्टर त्यामुळे अडचणीत येतो, हे माझ्या एका सातवीतल्या विद्यार्थ्याने दाखवून दिले. त्याच्या मते त्याने दार तोंडाने उघडायला हवे होते, जसे त्यांच्या घरचे मांजर डोक्याने ढकलून उघडते.

दुसरा प्रयोग घरातला आहे. रविवारी कोंबडी आणताना दुकानदाराकडून तिची पावले मागून घ्या. गरम पाण्यातून काढून सोलण्याआधी ती नीट पाहा: समोरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक रचलेले रुंद खवले, मागच्या बाजूला बारीक दाणेदार कातडी, आणि बोटांखाली उशीसारखे फुगवटे. पायाच्या मागची पांढरी शीर चिमट्याने ओढली, की बोटे मुठीसारखी मिटतात. मुले यावर जी किंचाळतात, ती चित्रपटातही किंचाळत नाहीत. जेवताना छातीच्या वर सापडणारे इंग्रजी व्ही आकाराचे हाड टी. रेक्सलाही होते. पिसे आणि खवले एकाच अंगावर सुखाने नांदू शकतात, हे त्या पावलांकडे पाहिल्यावर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

याच कारणाने मी ‘खवले म्हणजे चूक’ असे सरसकट म्हणत नाही. चीनमध्ये २०१२ साली सुमारे ९ मीटर लांबीचा पिसांचा युटिरॅनस सापडला, तेव्हा टी. रेक्सलाही पिसे चढवण्याची लाट आली होती. २०१७ मध्ये टी. रेक्सच्या मानेच्या, कमरेच्या आणि शेपटीच्या कातडीचे ठसे अभ्यासले गेले आणि त्यांत खवलेच निघाले. म्हणजे टी. रेक्सपुरता १९९३चा चित्रपट आज बराच बरोबर ठरतो, आणि मधल्या पाच वर्षांत त्याला नावे ठेवणारे आम्ही चित्रकार तोंडघशी पडलो.

प्रतिसाद ५ – पारवा

आवाजाचा मुद्दा कोणीच काढला नाही. टी. रेक्सची ती प्रसिद्ध डरकाळी हत्तीचे पिल्लू, वाघ आणि अ‍ॅलिगेटर यांच्या आवाजांची मिसळ आहे, आणि रॅप्टरच्या काही आवाजांसाठी मीलनाच्या वेळचे कासवांचे आवाज वापरलेले आहेत. (हा तपशील शिबिरात सांगू नये.) आ वासून भक्ष्यासमोर डरकाळी फोडणारा शिकारी प्राणी हीच मुळात संशयास्पद कल्पना आहे, शिकारीच्या वेळी वाघसुद्धा मुकाट्याने येतो. पक्षी आणि मगरी यांच्या आवाजांचा तौलनिक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावरून काही डायनोसॉर तोंड मिटून, गळा फुगवून खोल आवाज काढत असावेत असा तर्क केला जातो. जुन्या वाड्याच्या वळचणीला बसून घुमणारा पारवा नेमके हेच करतो, त्याची चोच मिटलेली असते. त्या पारव्याचे वजन आठ टनांवर गेले आहे अशी कल्पना करून पाहा. तो आवाज कानाला ऐकू येण्याआधी छातीत जाणवेल, जसा विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्याच्या कोपऱ्यावरचा ढोल दिसण्याआधीच बरगड्यांत जाणवतो.

म्हणून मला त्या चित्रपटातील पेल्यातल्या पाण्यावर उठणारी वर्तुळे डरकाळीपेक्षा जास्त खरी वाटतात. ती पावलांच्या धक्क्याने उठतात असे कथेत आहे, आणि चित्रीकरणात ती गिटारची तार छेडून उठवली होती; पण प्राणी दिसायच्या आधी त्याचे अस्तित्व अंगाला कळणे, हे त्या दृश्याने अचूक पकडले आहे.

अवांतर: चित्रपटाच्या जमेच्या बाजूला एक नोंद करावीशी वाटते. स्वयंपाकघराच्या दाराच्या गोल काचेवर रॅप्टरच्या श्वासाची वाफ धरते. उष्ण रक्ताचा प्राणी एका शब्दाविना सांगून टाकला आहे. सुरुवातीच्या चाचणीत रॅप्टर सापासारखी जीभ बाहेर काढत होते, आणि सल्लागार जॅक हॉर्नर यांच्या आक्षेपानंतर ती काढून टाकली गेली, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे.

प्रतिसाद ६ – कातळ

पारवा यांनी जमेची बाजू काढली, म्हणून पुन्हा लिहितो. शेपट्या जमिनीवर फरपटत चालणारे सुस्त डायनोसॉर सर्वसामान्य प्रेक्षकांच्या डोक्यातून या चित्रपटाने घालवले, हे काम आम्हा शिक्षकांना जमले नव्हते.

मुले तुम्हाला एक प्रश्न नक्की विचारतील, की वेताळ टेकडी खणली तर डायनोसॉर सापडेल का? उत्तर तयार ठेवा. आपल्या टेकड्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनलेल्या आहेत, ते उद्रेक साधारण डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातलेच, परंतु तापलेल्या लाव्ह्यात हाडे टिकत नाहीत. त्यासाठी नदी-तळ्यांचा गाळ लागतो. तसा गाळ पाहायचा तर आपल्याच राज्यात चंद्रपूर जिल्ह्यात जावे लागते. वरोऱ्याजवळच्या डोंगरगावात आयसिसॉरस हा लांब मानेचा शाकाहारी डायनोसॉर सापडला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ते नाव मिळाले आहे. संख्याशास्त्राच्या संस्थेच्या नावाचा डायनोसॉर आहे, हे लेखापालांना आवडावे.

त्याच भागात पिसदुरा आहे. आजारी ट्रायसेराटॉप्सच्या शेणाच्या ढिगात ग्रँटची सहकारी डॉ. सॅटलर कोपरापर्यंत हात घालते, त्या दृश्याला मुले नाक मुरडतील, तेव्हा पिसदुऱ्याची गोष्ट सांगा. विद्यार्थ्यांना घेऊन मी तेथे गेलो होतो. तांबूस मातीच्या शेतात मुठीएवढे, वळ्या पडलेले, एका टोकाला निमुळते दगड पडलेले असतात. हातात घेतले तर अपेक्षेहून जड, वास अर्थातच नाही, आणि ते दगड झालेली विष्ठा आहे असे सांगितल्यावर हातातला नमुना टाकून देणारे विद्यार्थी व जिभेला लावून पाहणारे विद्यार्थी असे वर्गाचे सरळ दोन भाग होतात. या विष्ठेत गवताच्या पेशींतील सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले आणि २००५ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. तोपर्यंत डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हते असे मानले जाई. प्राचीन काळ दाखवणाऱ्या माहितीपटांचे चित्रीकरण करणारे लोक त्यासाठी गवत नसलेल्या जागा शोधत हिंडत. विस्तीर्ण कुरणे तेव्हा नव्हतीच, परंतु पायाखाली गवताचे झुबके दिसले म्हणून आता चूक धरता येत नाही. (ज्युरासिक पार्कचे बेट आजचे आहे, तेथील गवताचा येथे संबंध नाही, हे कोणी म्हणायच्या आत मीच म्हणून टाकतो.) तुमच्या वहीत एक चौथे खाते उघडावे लागेल: तेव्हा चूक वाटलेल्या, पण चंद्रपूरच्या शेणाने बरोबर ठरवलेल्या गोष्टी.

धागाकर्ता – वाचनकट्टा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चार खाती पाडली आहेत. डीएनए एका वाक्यात आटोपणार आहे, झालरवाला डायलोफोसॉरस पुतणी तिच्याच खेळण्यांतून आणणार आहे, आणि कासवांविषयी काहीही बोलणार नाही.

हातांची ठेवण दाखवण्यासाठी आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळाकडे टाळांच्या दोन जोड्या मागितल्या. मंडळाच्या काकूंनी आधी कशासाठी हे दोनदा विचारले, मग रॅप्टरचा फोटो नीट पाहिला आणि टाळ द्यायचे कबूल केले. फक्त ज्या टेबलावर कोंबडीची पावले मांडली असतील, त्यावर ते ठेवायचे नाहीत, अशी अट घातली आहे.